उजवी बाजू वहिनींची

एकही मासा न पकडलेले जाळे तुम्ही कधी पाहिले आहे का, मित्रांनो? मी तसे एक जुने जाळे आहे. मासे माझ्या खालून खुशाल पोहत गेले, पण मी कधी त्यांच्या वाटेला गेले नाही. मी आयुष्यभर फक्त माणसे झेलली. पोटाशी धरली, थोडी झुलवली आणि जशीच्या तशी परत केली. आता माझा दोर पिवळा पडला आहे आणि चोळला तर त्याचा भुसा निघतो, पण बोलायची हौस काही गेलेली नाही. तेव्हा जरा बसा.

मी एका शिडाच्या जहाजावर होते. जहाज तीन डोलकाठ्यांचे, तसे छोटेखानी, पण थाट विचारू नका! पितळी कड्या रोज घासून लखलखीत, लाकडी भिंतींना मेणाचा वास, आणि प्रत्येक पाहुण्याच्या पलंगावर टॉवेलाची घडी घालून केलेला हंस. त्या हंसांचे मला कधीच कौतुक वाटले नाही. एकदा अंग पुसले की त्यांचा पुन्हा टॉवेल होतो. संध्याकाळी बंदर सोडताना मोठ्या ऐटीत शिडे चढत, संगीत वाजे, पाहुणे माना वर करून फोटो काढत. खरे सांगायचे तर तेव्हा खाली इंजिन गुपचूप आपले काम करत असे. पण वारा चांगला लागला की कॅप्टनबाई इंजिन बंद करायला लावत, आणि मग जहाज जे काही निघे ना, ते फक्त पाण्याचा आवाज करत निघे.

जहाजाच्या पुढच्या टोकातून एक लांब काठी समुद्रावर झेपावलेली होती. खलाशी तिला 'नाक' म्हणत. त्या नाकाखाली मी बांधलेले होते. पुढची शिडे आवरताना खलाशाचा पाय घसरला तर त्याला झेलायचे, हे माझे मूळ काम. पण पाहुण्यांना माझा शोध लागला आणि माझे नशीब पालटले. माझ्यात पालथे पडावे, खाली निळे पाणी धावताना बघावे, यासारखे सुख जहाजावर दुसरे नव्हते. भल्या भल्या सुटाबुटातल्या माणसांना मी लहान पोरांसारखे खिदळताना पाहिले आहे.

माझा जन्म मात्र समुद्रावर झाला नाही. तो झाला एका दोन खोल्यांच्या घरात, खिडकीचे गज आणि कपाटाची कडी यांच्या मध्ये.

त्याचे असे झाले. आमच्या जहाजावर डेकवरच्या सगळ्या खलाशांचे एक मुकादम होते. त्यांना सगळे तांडेल म्हणत. उंच, काटक, बोलायला कंजूष. माझ्या आधीचे जाळे जीर्ण झाले, तेव्हा जहाज दुरुस्तीला लागले होते आणि तांडेल सुट्टीवर घरी निघाले होते. विकतच्या जाळ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी दोराची भली मोठी गुंडाळी खांद्यावर टाकली आणि थेट घरी नेली. दार उघडल्यावर त्यांच्या पत्नीने आधी गुंडाळीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"इतक्या महिन्यांनी घरी आलात आणि सोबत हे बाळ आणलंत?"

ते बाळ म्हणजे मी. त्यांच्या पत्नीला जहाजावरचे सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वहिनी शिवणकाम करत. तांडेल खिडकीपाशी बसून गाठी मारू लागले. वहिनींनी थोडा वेळ बघितले, आणि मग त्यांचे हात शिवशिवले. "द्या इकडे ती लाकडी सुई," म्हणत त्या कपाटाच्या बाजूने सुरू झाल्या. घरात चालायला जागा उरली नाही. त्यांची छोटी लेक माझ्याखालून रांगत स्वयंपाकघरात जाई. जेवणाची ताटे माझ्यावरून, चहाचे कप माझ्याखालून, असा सगळा संसार चालला होता.

तांडेल डावखुरे होते. त्यामुळे त्यांच्या गाठी एका अंगाला वळत आणि वहिनींच्या दुसऱ्या. शेवटी दोघे पलंगाच्या मधोमध एकमेकांना येऊन भिडले, तेव्हा मी अर्धे डावे आणि अर्धे उजवे असे पुरे झाले होते. वहिनींनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "डोळे मिटून सांगेन माझी बाजू कुठली ते. तुमच्या गाठी पण तुमच्यासारख्याच, तोंड फिरवून बसलेल्या."

तांडेल हसले. मी त्यांना फार कमी वेळा हसताना पाहिले, म्हणून ते लक्षात राहिले आहे.

मग मी जहाजावर आले. मला नाकाखाली ताणून बांधले, तेव्हा वहिनींची बाजू उजवीकडे आली आणि तांडेलांची डावीकडे. पाहुण्यांना यातले काहीच माहीत नव्हते. पण दर बंदरात तांडेल घरी फोन लावत, आणि नेमके माझ्या शेजारी कठड्याला टेकून लावत. त्यामुळे मला सगळे ऐकू येई. लेकीची शाळा, घराची गळती, शेजारणीचे भांडण असे सगळे झाले की वहिनी न चुकता विचारत, "आणि माझी बाजू कशी आहे?"

"तुझी बाजू एकदम ठणठणीत," तांडेल म्हणत. "माझीच कुरकुरते अधूनमधून."

"मग! सांगत होते ना मी!"

मित्रांनो, हे धादांत खोटे होते. माझ्यात उतरायची शिडी उजव्या अंगाला होती. पाहुणे उतरत आणि तिथेच बदकन आडवे होत. पलीकडे सरकायचे कष्ट कोण घेणार? त्यामुळे उजवी बाजूच आधी झिजे. दुपारी जेवून पाहुणे पेंगायला लागले की तांडेल सुई-दोर घेऊन येत आणि उजव्या बाजूच्या झिजलेल्या गाठी सोडून नव्या बांधत. आणि गंमत म्हणजे, इतर वेळी सगळी कामे डाव्या हाताने करणारा हा माणूस तेव्हा सुई उजव्या हातात धरे. सुई घसरे, दोर निसटे, जीभ दातांत येई. एका गाठीला तीन गाठींचा वेळ लागे. एकदा एका खलाशाने विचारलेच, "तांडेल, उजव्या हातानं कशाला?"

"तू तुझं काम कर," तांडेल म्हणाले.

मला वाटे, त्यांचा डावा हात दुखत असेल. मला तरी दुसरे काय सुचणार?

आता लाल फडक्याबद्दल सांगितले पाहिजे. रोज सकाळी तांडेल नाकावरून चालत टोकापर्यंत येत, वाकत आणि माझ्या पोटाला हात लावत. पोट कोरडे असेल तर ठीक. ओले असेल, म्हणजे लाटा माझ्यापर्यंत पोचत असतील, तर ते शिडीच्या तोंडाशी लाल फडके बांधत. फडके बांधले की कोणीही उतरायचे नाही. कोणीही म्हणजे कोणीही. एकदा जहाजाच्या मालकांचे मेहुणे आले होते. त्यांना माझ्यात पडून फोटो हवा होता. त्यांनी आधी गोड बोलून पाहिले, मग आवाज चढवला, मग मालकांचे नाव काढले. तांडेल फडक्यापुढे हाताची घडी घालून उभे राहिले. मेहुणे पाय आपटत परतले आणि रात्री जेवताना कॅप्टनबाईंकडे तक्रार केली. कॅप्टनबाईंनी त्यांना फक्त आणखी थोडी खीर वाढायला सांगितली. अशी आमची शिस्त होती. माझ्या पोटातून एकही माणूस कधी पाण्यात गेला नाही, ते माझ्या दोरांमुळे जितके, तितकेच त्या फडक्यामुळे.

वर्षे गेली. ऊन आणि खारे पाणी कोणाला सोडत नाही. एके दिवशी तपासनीस आले. त्यांनी माझा एक पीळ नखाने उकलला, वास घेतला, मान हलवली. सध्या चालेल, पण हंगाम संपला की उतरवा, असे सांगून ते गेले. माझ्या जागेवर कारखान्यातले नवे जाळे येणार होते. त्या दिवशी फोनवर वहिनींनी नेहमीचा प्रश्न विचारला. तांडेलांनी मला उतरवणार असल्याचे सांगितले.

 त्यावर वहिनी म्हणाल्या, "या वेळी घरच्या फेरीला मी येणार. उतरवायच्या आधी मला एकदा माझ्या बाजूवर पडायचंय."

आमच्या जहाजाची एक रीत होती. हंगामाची शेवटची फेरी विकायची नाही. त्या फेरीला खलाशांच्या, आचाऱ्यांच्या घरची माणसे पाहुणे म्हणून येत. तिला घरची फेरी म्हणत. वहिनींना दर वर्षी बोलावणे असे, आणि दर वर्षी काहीतरी आडवे येई. कधी लेकीची परीक्षा, कधी सासूबाईंचे आजारपण, कधी शिवणाची घाई. शिवाय एक गोष्ट त्या कोणाला सांगत नसत. त्यांना पाण्याची भीती वाटे. साध्या होडीत बसले तरी त्यांचे डोळे गच्च मिटत.

तर अशा वहिनी त्या वर्षी फळीवरून चढून जहाजावर आल्या. वर तांडेल पांढऱ्या गणवेशात थंड रुमालांचे तबक घेऊन उभे होते. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून आपसूक निघून गेले, "या, या, सुस्वागतम मॅडम!"

"मॅडम?" वहिनी थबकल्या. "आधी बॅग धरा ही. हाताला रग लागलीय."

मागचे सगळे खलाशी फिदीफिदी हसले. तांडेलांचे कान लाल झाले.

सुरुवात अशी झकास झाली, पण समुद्राच्या मनात वेगळेच होते. बंदर सोडले आणि वारा सुटला. मोठे वादळ वगैरे नव्हे. जहाज मजेत चालले होते, शिडे फुगली होती, पण लाटा नेमक्या माझ्या पोटाला लागत होत्या. सकाळी वहिनी कठड्याला घट्ट धरून माझ्यापर्यंत आल्या. तांडेल वाकले, हात लावला, आणि फडके बांधले. दुसऱ्या सकाळी तेच. मला इतका राग आला स्वतःच्या पोटाचा! आक्रसून घेता आले असते तर घेतले असते.

त्यानंतरच्या सकाळी वहिनींचा बांध फुटला.

"इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बायकांना हात धरून उतरवलंत. मी आले, तर माझ्यापुढे फडकं?"

"अगं, पोट ओलं आहे."

"थोडंसं तर ओलं आहे! मी एवढी भित्री, तरी म्हणतेय ना उतरते म्हणून?"

"मालकांच्या मेहुण्यांना नाही म्हटलंय मी," तांडेल खालच्या आवाजात म्हणाले. "तुला हो म्हटलं, तर उद्यापासून हे नुसतं फडकं राहील. कोण ऐकेल त्याचं?"

"ते फोटो काढायला आले होते. मी माझं काम बघायला आलेय. आणि हे उतरवलं की मग काय बघू, खुंटीला टांगलेला दोर?"

वहिनी पदर खोचून तरातरा निघून गेल्या. रात्री जेवणाच्या टेबलावर नवराबायको शेजारी बसलेले, पण बोलणे बंद. "आचारीदादा, यांना म्हणावं मीठ सरकवा," वहिनी म्हणत. तांडेल मीठ सरकवत. "आचारीदादा, तिला म्हणावं, भाजी कमी घेतली आहेस." बिचाऱ्या आचाऱ्याची मान इकडून तिकडे करून दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी त्याने ही सगळी हकीकत कॅप्टनबाईंच्या कानावर घातली, आणि वर हेही सांगितले की, आपल्याला स्वयंपाक करायला ठेवले आहे, निरोप पोचवायला नव्हे.

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी बंदर, आणि बंदरात पोचल्यावर मला उतरवायचे. सकाळी तांडेल आले. त्यांनी हात लावला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. मी ओले होते. त्यांनी फडके बांधले, पण त्या दिवशी त्यांना गाठ नीट बसेना. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. ज्या बाईने मला कपाटाच्या कडीला बांधून जन्म दिला, तिला मी एकदाही झुलवू शकणार नव्हते.

तेवढ्यात कॅप्टनबाई पुढे आल्या. त्यांच्या हातात कॉफीचा पेला होता.

"आजही फडकं, तांडेल?"

"हो, कॅप्टन."

"सोडाल का?"

"ओलं असताना नाही सोडणार."

"सोडू नकाच," कॅप्टनबाई म्हणाल्या. "फडकं कधी बांधायचं ते तुम्ही ठरवता. पण जहाज कुठं न्यायचं, ते मी ठरवते."

आणि त्या सुकाणूकडे वळल्या. थोड्याच वेळात जहाज वळले. बंदराची वाट सोडून आम्ही एका छोट्या डोंगराळ बेटाच्या आडोशाला गेलो. डोंगराने वारा अडवला. शिडे लुळी पडली, जहाज थांबले, आणि समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत झाला. सगळी मंडळी डेकवर गोळा झाली. तांडेल नाकावरून चालत आले, वाकले, हात लावला.

"अजून ओलं आहे."

सगळ्यांनी कपाळाला हात लावला. आचारी धावत जाऊन पलंगावरचा एक टॉवेलाचा हंस घेऊन आला. "पुसून देऊ का, तांडेल?" हशा पिकला. पण ऊन चांगले होते. मी श्वास रोखून वाळत राहिले. तांडेलांनी पुन्हा हात लावला, तळहात डोळ्यांसमोर धरून पाहिला, आणि स्वतःच्या हाताने लाल फडके सोडून खिशात घातले.

आता वहिनींची पाळी. त्या शिडीच्या तोंडाशी आल्या, खाली बघितले, आणि पांढऱ्या पडल्या. माझ्या भोकांतून समुद्र तर दिसणारच ना! तांडेलांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आधी उजवा पाय, मॅडम."

"मॅडम गेली उडत," वहिनी तो घट्ट धरत म्हणाल्या. "हात सोडू नका माझा."

त्यांनी पाय टाकला. मी म्हातारे झाले होते. माझी मलाच धाकधूक वाटत होती. पण मी सगळे बळ एकवटून त्यांना धरले. त्या बसल्या, मग डोळे मिटूनच पालथ्या झाल्या, आणि हळूच डोळे उघडले. खाली स्वच्छ पाणी होते. दोन छोटे मासे इकडून तिकडे गेले.

"अय्या," वहिनी म्हणाल्या.

मग सवयीप्रमाणे त्यांचे हात गाठींवरून फिरू लागले. एक गाठ. दुसरी. तिसरीवर बोटे थांबली. पुन्हा मागे गेली. त्यांनी मान वळवली.

"अहो, ही गाठ माझी नाही."

तांडेल दुसरीकडे बघू लागले.

"ही पण नाही. ही पण नाही. वळण माझंच आहे, पण हात माझा नाही. ओढ कमी पडलीय. नवशिक्यानं बांधावी तशी..." वहिनी उठून बसल्या. "तुमची आहे ही. उजव्या हातानं बांधलीत तुम्ही?"

"झिजत होती," तांडेल पुटपुटले. "शिडी इकडे आहे ना. सगळे इकडेच पडतात."

"मग डाव्या हातानं बांधायची! पटकन झाली असती."

"मग ती तुझी बाजू राहिली नसती," तांडेल म्हणाले.

तेव्हा कुठे मला सगळा उलगडा झाला. इतक्या दुपारी, इतके घसरलेले दोर, दातांत आलेली जीभ, ते सगळे कशासाठी होते ते कळले. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि वर डेककडे बघितले. सगळी मंडळी अचानक डोंगर न्याहाळू लागली होती. आचारी तर डोळ्यांवर हात धरून ढग बघत होता.

"या," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या बाजूवर पडा जरा."

"मी कामावर आहे."

"तांडेल," मागून कॅप्टनबाईंचा आवाज आला, "तुमची सुट्टी सुरू झाली."

खरे सांगते, इतक्या वर्षांत तांडेल माझ्यात कधी आडवे झाले नव्हते. उभे राहिले, वाकले, बसून गाठी मारल्या, पण पाठ कधी टेकली नव्हती. त्या दिवशी ते डाव्या बाजूवर पडले. दोघे माझ्यात शेजारी शेजारी, मध्ये ती जागा जिथे एकदा पलंगावर त्यांची गाठ पडली होती. माझी एकही गाठ सरकली नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान होता, आणि त्याचा फोटो कोणीही काढला नाही.

आम्ही बंदरात उशिरा पोचलो. मला उतरवले, गुंडाळले, आणि तांडेलांनी पुन्हा खांद्यावर टाकून घरी आणले. या वेळी वहिनींनी विचारले नाही, हे काय आणलेत म्हणून.

आता मी त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीवर असते. माझ्यावर एक वेल चढवली आहे. ती भारी आगाऊ आहे, पण फुले छान देते. तांडेल अजून जहाजावर जातात. नव्या जाळ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, ते मजबूत आहे आणि लाल फडके त्यालाही लागू आहे. दर बंदरातून फोन येतो. लेकीची नोकरी, घराची गळती, शेजारणीचे भांडण झाले की आता तिकडून तांडेल विचारतात, "माझी बाजू कशी आहे?"

मग वहिनी फोन घेऊन मागे येतात आणि डाव्या बाजूवरून हात फिरवतात. परवा त्या म्हणाल्या, "एक गाठ सैल झाली होती. बांधून टाकली."

"कशी बांधलीस?"

"डाव्या हातानं," वहिनी म्हणाल्या. "बोटं मोडली माझी. पण बाजू तुमचीच आहे."

मित्रांनो, तुम्हीही कशावर तरी निवांत विसावत असालच. कधीतरी त्याच्या गाठींवरून हात फिरवून बघा. त्या कोणीतरी बांधलेल्या असतात, आणि सैल झाल्या की कोणीतरी गुपचूप पुन्हा बांधत असते. पुढची सैल गाठ तुमच्या बोटांना लागली, तर ती तुम्ही बांधा. हात अवघडला तरी चालेल.